अश्वशक्ती शेवटी विचारा

विहिरीवर पंप बसवायचा असो किंवा गावात पिठाची गिरणी टाकायची असो, आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती एच.पी.ची?" आकडा मोठा असला की यंत्र चांगले, असा समज आपल्या मनात घट्ट बसलेला आहे. शाळेत आपण शक्तीची व्याख्या पाठ करतो, गणितेही सोडवतो; पण दुकानात उभे राहिलो की ती व्याख्या घरी राहते आणि आकडा तेवढा बरोबर येतो. माझ्या मते यंत्र निवडताना अश्वशक्तीचा प्रश्न पहिला नव्हे, शेवटचा असला पाहिजे. हे मत मी एका उदाहरणाने मांडणार आहे आणि ते उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. ओळखीच्या यंत्राविषयी आपली मते आधीच बनलेली असतात. अनोळखी यंत्राविषयी मात्र विचार करावाच लागतो.

उदाहरण आहे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे. तेथे फ्रँक बटलर या आरेखकाने १९६९ साली 'कॅटॅलिना २२' नावाची शिडाची एक छोटी नौका तयार केली. लांबी सुमारे साडेसहा मीटर, रुंदी सव्वादोन मीटरांहून थोडी अधिक आणि वजन साधारण एक टन. आत चार माणसांना दाटीवाटीने झोपता येईल एवढी खोली. शनिवार-रविवारी कुटुंबासह खाडीत किंवा किनाऱ्याकिनाऱ्याने भटकंती करावी, यासाठी ही नौका. अशा पंधरा हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या. नौका शिडाची असली तरी वारा पडल्यावर, धक्क्याला लागताना किंवा समोरून जोराचा वारा आल्यावर यंत्राची गरज भासतेच. म्हणून तिच्या मागच्या फळीला बाहेरून एक इंजिन अडकवतात. त्याला आउटबोर्ड मोटार म्हणतात. वर इंजिन, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाशी पाण्यात फिरणारा पंखा, अशी तिची रचना असते. आपल्या कोकणातील मासेमारीच्या अनेक छोट्या होड्यांना असेच यंत्र लावलेले तुम्ही पाहिले असेल.

या यंत्राचा धंदा ज्याने भरभराटीला आणला, तो ओले एव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला अमेरिकन तंत्रज्ञ. त्याने १९०९ साली विक्रीस आणलेली मोटार दीड अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो होते. (त्याच्या नावाच्या मोटारींचे उत्पादन २०२० साली बंद झाले.) आज जवळजवळ तेवढ्याच वजनात सहा अश्वशक्तीची मोटार मिळते. मग साहजिकच मोह होतो : चार घ्यावी, सहा घ्यावी, की दहाची घेऊन मोकळे व्हावे? कॅटॅलिनाच्या मालकाने दहाची घेतली, तर त्याचा प्रवास दुप्पट वेगाने होईल काय?

लाट वेसण घालते

होणार नाही, आणि त्याचे कारण इंजिनात नसून पाण्यात आहे. होडी पाणी कापत चालते, तेव्हा तिच्या नाळेपाशी एक लाट उठते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होत जाते. खोल पाण्यातील लाटेची लांबी आणि तिचा वेग यांचे नाते निश्चित आहे : गुरुत्वत्वरणाला लाटेच्या लांबीने गुणा, दोन पायने भागा आणि वर्गमूळ काढा, लाटेचा वेग मिळतो. कॅटॅलिनाची पाण्याच्या रेषेवरील लांबी सुमारे ५.९ मीटर आहे. सूत्रात हा आकडा घातला तर वेग येतो सेकंदाला सुमारे ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटर; दर्यावर्दी भाषेत ५.९ नॉट. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.)

या वेगाला लाटेची लांबी नौकेएवढी होते. एक शिखर नाळेशी, दुसरे मागच्या टोकाशी. याहून जोरात जाऊ पाहिले, तर दुसरे शिखर मागे सरकते, नौकेचा मागचा भाग दोन शिखरांमधल्या खळग्यात बसतो आणि पुढचा वर उचलला जातो. नौका जणू स्वतःच उठवलेल्या टेकडीवर चढू लागते. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूड याने १८७० च्या दशकात टॉर्की या गावी एक लांब हौद बांधून त्यात नौकांच्या लहान प्रतिकृती ओढल्या आणि हा लाटेचा रोध कसा वाढत जातो हे मोजून दाखवले.

आपल्या नौकेसाठी ढोबळ आकडे घेऊ. माणसे आणि सामानासह ती सेकंदाला २ मीटर वेगाने शांत पाण्यात चालली, तर पाण्याचा रोध साधारण १०० न्यूटन असतो. सेकंदाला ३ मीटरला तो चौपटीच्याही पुढे, सुमारे ४५० न्यूटनपर्यंत जातो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. पहिल्या वेळी उपयुक्त शक्ती लागली २०० वॅट, दुसऱ्या वेळी १,३५० वॅट. वेग दीडपट झाला आणि शक्ती जवळजवळ सातपट लागली! यापुढे तर चढ आणखी उभा आहे. म्हणून पाचाऐवजी दहा अश्वशक्तीची मोटार लावली, तरी शांत पाण्यात या नौकेचा वेग नॉटभरानेही वाढत नाही. जादा खर्चलेले पेट्रोल फक्त मोठी लाट उठवण्यात जाते.

मग किती बल हवे?

अनुभवी माणसे येथे आक्षेप घेतील, आणि तो ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतील, "शांत पाण्याचा हिशेब आम्हांला नको. संकटाच्या वेळी राखीव जोर हवा." खरे आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेचा वारा २० ते २५ नॉट वेगाने वाहतो. अशा वेळी वारा नौकेला किनाऱ्यावरील खडकांकडे रेटत असेल आणि शिडे उतरवावी लागली असतील, तर मोटार हाच आधार उरतो. येथे चूक झाली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. म्हणूनच 'राखीव जोर' हा शब्द नुसता उच्चारून थांबू नये, तो मोजावा.

वारा सेकंदाला १२ मीटर वेगाने समोरून येत आहे आणि नौका सेकंदाला २ मीटरने त्याच्या विरुद्ध जात आहे, असे समजा. नौकेला जाणवणारा वारा झाला १४ मीटर. वाऱ्यासमोर येणारे नौकेचे क्षेत्रफळ, म्हणजे कडा, खोली, डोलकाठी आणि दोर मिळून, ३ चौरस मीटर धरू. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो. घनतेचा निम्मा गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा वर्ग, असे केले तर वाऱ्याचे बल येते सुमारे ३५० न्यूटन. पाण्याच्या रोधाचे १०० न्यूटन मिळवा. समोरून आदळणाऱ्या लाटांसाठी आणखी १५० न्यूटन धरा. एकूण ६०० न्यूटन. त्याला २ मीटर वेगाने गुणले की १,२०० वॅट उपयुक्त शक्ती झाली.

पण पंख्याला दिलेली सगळी शक्ती नौकेला मिळत नाही. अशा जड ओढीच्या वेळी लहान पंखा जेमतेम ३५ टक्के शक्ती कामी लावतो असे मानू. तेव्हा इंजिनाने दिली पाहिजे सुमारे ३,४०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. उत्तर आले साडेचार अश्वशक्ती. इंजिन सतत पूर्ण जोराने पळवायचे नाही म्हणून थोडी भर घाला. सहा अश्वशक्ती पुरते. राखीव जोर यात धरलेला आहे; तो भीतीने वाढवलेला नाही एवढेच.

पंखा इंजिनाहून महत्त्वाचा

वरच्या हिशेबातील खरी गंमत त्या ३५ टक्क्यांत आहे. हा आकडा ४५ झाला, तर कमी अश्वशक्तीत तेच काम होईल. तो कसा वाढवायचा?

पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून नौका पुढे जाते; न्यूटनचा तिसरा नियम. समजा, नौका धक्क्याला बांधलेली आहे आणि आपल्याला ६०० न्यूटन बल हवे आहे. लहान पंखा दर सेकंदाला १०० किलो पाणी ६ मीटर वेगाने मागे फेकील. संवेग झाला ६००. मोठा पंखा २०० किलो पाणी ३ मीटर वेगाने ढकलील. संवेग पुन्हा ६००, म्हणजे बल तेच. आता गतिज ऊर्जा काढा. पहिल्या वेळी १,८०० ज्यूल, दुसऱ्या वेळी ९००. जोर तेवढाच, खर्च मात्र निम्मा! संवेग वेगाच्या प्रमाणात वाढतो, ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. शाळेच्या पुस्तकातील या दोन ओळींत सगळे रहस्य आहे. घरातील छताचा पंखा टेबलावरच्या लहान पंख्यापेक्षा सावकाश फिरतो, तरी सगळ्या खोलीला वारा देतो, तेही याच तत्त्वावर.

म्हणून जड आणि सावकाश चालणाऱ्या नौकेला मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हवा. काही कंपन्या अशा 'हाय थ्रस्ट' मोटारी खास बनवतात. साध्या मोटारीत इंजिनाच्या साधारण दोन फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होते. यांच्यातील काहींत जवळजवळ तीन फेऱ्यांना एक. त्यामुळे मोठ्या व्यासाचा पंखा लावता येतो. पंख्याची 'पिच'ही पाहावी लागते. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तशी ही पिच. जलद होडीला ती जास्त हवी, आपल्या नौकेला कमी. जास्त पिचचा पंखा या नौकेला लावणे म्हणजे सायकल चौथ्या गिअरमध्ये ठेवून घाट चढणे.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावणाऱ्या हलक्या स्पीडबोटीला हा सगळा युक्तिवाद लागू पडत नाही. ती आपल्या लाटेच्या वर चढून निसटते. तिला भरपूर अश्वशक्ती आणि वेगाने फिरणारा पंखा हवाच. तीच मोटार तिथे उत्तम आणि इथे वाईट ठरते. म्हणजे यंत्र स्वतः चांगले किंवा वाईट नसते. ते कामाला जुळते किंवा जुळत नाही.

दांड्याची लांबी आणि मागचे ओझे

लाटांत नौका पाळण्यासारखी पुढेमागे हलते. मागचे टोक वर गेले की त्याला अडकवलेली मोटारही वर जाते. पंखा पाण्याबाहेर आला किंवा त्याने हवा ओढली, तर इंजिन किंचाळत पळते आणि जोर शून्य होतो. नेमके संकटाच्या वेळीच हे घडते. त्या क्षणी दहा अश्वशक्ती आणि दोन अश्वशक्ती यांची किंमत सारखीच. यावर उपाय म्हणजे लांब दांडा. आखूड दांडा सुमारे ३८ सेंटिमीटरचा असतो, लांब ५१ चा आणि अधिक लांब ६३ चा. सपाट तळाच्या छोट्या होडीला आखूड चालतो. शिडाच्या नौकेला ५१ चा तरी हवाच, ६३ चा मिळाला तर उत्तम. दांड्याच्या या तेरा सेंटिमीटरांपुढे चार जादा घोडे काहीच नाहीत.

आता वजन पाहा. सहा अश्वशक्तीची चार धावांची (फोर स्ट्रोक) मोटार २५ ते २७ किलोची, तर दहाच्या आसपासची ४० ते ४५ किलोची. फरक १८-२० किलोंचा. एक टनाच्या नौकेला एवढ्याने काय होते? पण हे ओझे मध्यभागापासून सुमारे साडेतीन मीटर दूर, अगदी टोकाला लटकते. तरफेचा नियम लावा : २० गुणिले ३.५ म्हणजे ७०. सत्तर किलोचा एक माणूस कायम एक मीटर मागे सरकून बसावा, तसा हा परिणाम आहे. मागचा भाग बुडतो, नाळ वर येते आणि शिडावर चालतानाही नौका मंदावते. शिवाय हलत्या नौकेवरून वाकून ४५ किलोचे यंत्र उचलण्याची वेळ कधी तरी येतेच. शिडाच्या नौकेला मोटार थोडा वेळ वापरायची असते. तिचे ओझे मात्र चोवीस तास वाहावे लागते.

इंधन

पूर्वी दोन धावांच्या (टू स्ट्रोक) मोटारी सर्रास वापरत. त्या हलक्या आणि साध्या होत्या. पण जुन्या कार्बुरेटरच्या मोटारीत इंधनाचा चौथा हिस्सा न जळताच पाण्यात जाऊ शकत असे. अमेरिकेने १९९८ पासून २००६ पर्यंत टप्प्याटप्प्याने नियम कडक केले. ताहो या स्वच्छ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या सरोवरावर तर कार्बुरेटरच्या दोन धावांच्या मोटारींना १९९९ पासूनच बंदी घालण्यात आली. आज नवी मोटार घेताना चार धावांचीच घेणे योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-चार किलो वजन वाचवण्यासाठी सर्वांच्या पाण्यात तेल सोडण्याचा हक्क कोणाला नाही.

विजेच्या मोटारींचे काय? त्यांचा पंखा मोठा आणि सावकाश फिरणारा असतो, आवाज कमी, धूर नाही. अडचण साठ्याची आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ दशलक्ष ज्यूल, म्हणजे जवळजवळ ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिनाने त्यातील २२ टक्केच कामी लावली, तरी दांड्यावर २ किलोवॅट-तास मिळतात. तेवढ्यासाठी विजेच्या मोटारीला दोन किलोवॅट-तासांहून मोठी बॅटरी लागते आणि ती कित्येक किलोंची असते. सरोवरावर आणि धक्क्याजवळच्या ये-जा करण्यापुरती वीज उत्तम. वाऱ्या-प्रवाहाविरुद्ध तासन्‌तास झगडायचे असेल, तर आज तरी मी पेट्रोलची मोटार निवडीन.

प्रवाहापुढे शहाणपण

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीचे तोंड, गोल्डन गेट, अरुंद आहे. ओहोटीच्या वेळी तेथून बाहेर वाहणारा प्रवाह ४ नॉटहूनही वेगवान होतो. आपली नौका ५ नॉटने चालली, तर आत येताना किनाऱ्याच्या हिशेबाने ती फक्त १ नॉटने सरकेल. दहा अश्वशक्तीने ती साडेपाच नॉट गाठील आणि दीड नॉटने सरकेल. मोठ्या मोटारीचा फायदा झाला हे मान्य केले पाहिजे. पण दोन सागरी मैलांना एकीला दोन तास लागतील, दुसरीला सव्वा तासाहून अधिक. प्रवाह साडेपाच नॉटचा झाला, तर दोन्ही हरल्या. उलट, ओहोटीचा जोर ओसरेपर्यंत तीन तास थांबले, तर चार अश्वशक्तीची मोटारही नौकेला आरामात आत आणील. भरती लागली तर समुद्रच तिला आत ढकलील. भरती-ओहोटीचे कोष्टक हे कोणत्याही मोटारीपेक्षा जास्त ताकदवान आहे आणि त्याला पेट्रोल लागत नाही. आपल्या कोकणातील नाखवा तिथीवरून भरतीची वेळ सांगतो, त्यात हेच शहाणपण आहे.

अश्वशक्ती हा शब्द कोठून आला, हे येथे आठवावे. जेम्स वॅटला आपली वाफेची इंजिने खपवायची होती. हे इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे गिऱ्हाइकाला समजावे म्हणून त्याने हे माप प्रचारात आणले. माप शास्त्रशुद्ध आहे, उपयोगी आहे. पण जन्मापासून ते विक्रेत्याच्या तोंडचे माप आहे. यंत्र किती काम करू शकेल ते त्यावरून कळते. आपले काम कोणते आहे, ते मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

शिक्षक बंधु-भगिनींना माझी एक सूचना आहे. शक्तीच्या प्रकरणात "अमुक वजन अमुक उंचीवर अमुक वेळात नेले, तर शक्ती काढा" ही गणिते आपण देतो. त्यांची उत्तरे येतात, पण निवड करता येत नाही. त्यांच्या जोडीला एखादे गणित असे द्या, ज्यात शक्ती दिलेली नाही आणि विचारलेलीही नाही. फक्त काम सांगितले आहे आणि यंत्र निवडायचे आहे. त्यात काही गोष्टी अंदाजाने धराव्या लागतील आणि दोन विद्यार्थ्यांची उत्तरे थोडी वेगळी येतील. येऊ द्यात. वाद होऊ द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी नौका फार दूर असेल, पण विहीर दूर नाही. जवळच्या एखाद्या पंपाची माहिती काढा. पाणी किती खोलीवरून उचलायचे आहे, दर मिनिटाला किती लिटर हवे आहे, पाइप किती रुंद आहे, हे मोजा. त्यावरून लागणारी शक्ती काढा, निम्मी वाया जाते असे धरा आणि मग पंपावरील पट्टीवर लिहिलेली अश्वशक्ती वाचा. दोन आकडे जुळले, तर पंप निवडणाऱ्याला शाबासकी द्या. जुळले नाहीत, तर जादा घोडे विजेच्या बिलात काय खातात, याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा.